दोन पिशव्यांचा अंगारा

सुखीबाईनं हिरवी मिरची देठापर्यंत चावून खाल्ली आणि अख्खा बोरखिंड तांडा श्वास रोखून तिच्या तोंडाकडे बघत राहिला.

बाई कॅन्सरची. डोक्यावर केस उरले नव्हते म्हणून पदर कानामागे गच्च खोचलेला. तोंड आतून इतकं सोललेलं की गेला आठवडाभर ती पेजेवर होती आणि त्या पेजेतलं मीठही झोंबायचं. तीच बाई आता महाराजांनी दिलेला अंगारा तोंडात घोळवून, नाईकाच्या दारातल्या लिंबाखाली बसून मिरची खात होती आणि तिच्या डोळ्यात पाण्याचा टिपूस नव्हता.

"तिखट लागते का, माय?" फुलचंद महाराजांनी विचारलं.

"नाई जी."

"आग?"

"नाई."

"आग गेली!" महाराज ताडकन उठले. "आग गेली की रोग गेला! रोगाचं घर कुठं? आगीत! हमने घरच मोडून टाकलं, आता भाडेकरू राहील कुठं? देव जिभेवर येऊन बसला की जीभ जड होते, ही त्याची खूण! दवाखान्यात काय करतात? चिठ्ठ्या टाकतात! तुझ्या नशिबी बर्फ, तुझ्या नशिबी गुळणी. अरे, ही काय भिशी आहे? हमारे यहाँ चिठ्ठी नाही, खात्री!"

बायांनी हात जोडले. कुणीतरी जयजयकार केला. महाराजांनी सगळ्यांना चिमूट चिमूट अंगारा वाटला.

गर्दीच्या मागे डोंगरसिंग उभा होता. सुखीबाईचा नवरा, एसटीतून निवृत्त झालेला कंडक्टर. उभ्या नोकरीत त्यानं नाना तऱ्हेचे महाराज पाहिले होते. तिकीट मागितलं की ध्यानात जाणारे, अपंगाच्या सवलतीवर चढून उतरताना उडी मारणारे. त्यामुळे भगवं दिसलं की त्याच्या कपाळावर आपोआप आठी पडायची. पण मिरची त्याच्या डोळ्यांदेखत खाल्ली गेली होती. खरं सांगायचं तर त्यात कुठं खोट आहे ते शोधायचं त्राणही त्याच्यात उरलं नव्हतं. दवाखान्याच्या चकरांनी तो पार पिचून गेला होता. त्यानंही हात पुढे केला, चिमूट तोंडात टाकली. राखच लागली, चुलीतली असते तशी.

घरी आल्यावर सुखीबाई म्हणाली, "सोमवारी मी येत नाई."

"कोठी?"

"यवतमाळले. सलाईन नोको आता. मले बरं वाटून राह्यलं."

डोंगरसिंग खाटेवर बसला. 

छातीतली गाठ सलाईनीतल्या औषधानं लहान होत चालली होती. डॉक्टर निशिगंधा बाईंनी बोटांनी दाखवलं होतं, आधी लिंबाएवढी, आता बोराएवढी. अजून थोडी लहान झाली की ऑपरेशन. मध्येच सोडलं तर ती पुन्हा वाढेल, आणि मग ऑपरेशनही हातचं जाईल, हेही त्यांनी स्वच्छ सांगितलं होतं.

भानगड झाली ती दुसऱ्याच एका गोष्टीची. या औषधानं पुष्कळ बायांची तोंडं सोलतात. म्हणून दवाखान्यानं एक अभ्यास सुरू केला होता. सलाईन चालू असताना काही बायांना तोंडात बर्फ धरायला द्यायचा, काहींना नेहमीच्या मीठ-सोड्याच्या गुळण्या, आणि कुणाचं तोंड कमी सोलतं ते बघायचं. कुणाला काय, ते चिठ्ठी काढल्यासारखं संगणक ठरवणार. "बर्फानं फायदा होतो का, ते या औषधापुरतं मला नक्की माहीत नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या. "माहीत असतं तर सगळ्यांनाच दिला असता. म्हणून तर बघतोय." सुखीबाईनं राजीखुशीनं अंगठा दिला. तिच्या वाट्याला गुळण्या आल्या. शेजारच्या खुर्चीवरच्या प्रभावतीला बर्फ मिळाला. पुढं सुखीबाईचं तोंड सोललं आणि प्रभावतीचं नाही, एवढं तांड्याला पुरेसं होतं. डॉक्टरीण स्वतःच म्हणते मला माहीत नाही, अशा बाईच्या हाती जीव द्यायचा? त्यापेक्षा महाराज बरे. त्यांना सगळं माहीत होतं.

"डॉक्टरीण बाईनं काय सांगतलं होतं, आठवते ना तुले?" डोंगरसिंग शेवटी म्हणाला.

"आठवते. तिनं तोंडातली आग काढली का? यानं काढली. आज किती दिवसांनी भाकर खाल्ली मी. तुमाले नाई समजाचं ते."

ते मात्र खरं होतं. 

दुसऱ्या दिवशी सकाळी सुनेनं, संगीतानं, चहा आणून ठेवला. महाराजांनी घरी न्यायला पुडी दिली होती. सुखीबाईनं त्यातला चमचाभर अंगारा तोंडात घोळवला, थोडी थांबली आणि कप उचलून चहा घटाघटा प्यायली. तो चहा नुकताच चुलीवरून उतरला होता. डोंगरसिंगनं स्वतःचा कप हातातही धरवेना म्हणून खाली ठेवला होता.

"अवं, हळू! पोळन!"

"कायचं पोळते? गारच तं हाये."

तिच्या ओठाच्या कोपऱ्यातून चहाची धार हनुवटीवर ओघळत होती आणि तिला त्याचा पत्ताच नव्हता. डोंगरसिंग त्या धारेकडे बघत राहिला. हे त्यानं कुठंतरी पाहिलं होतं. पाहिलं नव्हतं, भोगलं होतं. वणीत दाढ काढली तेव्हा डॉक्टरनं हिरडीला काहीतरी लावून ती बधिर केली होती. नंतर स्टँडवर चहा घेतला तर अर्धा सदऱ्यावर सांडला, आणि लोक हसले तेव्हा कुठं त्याला कळलं.

त्यानं पुडीतली चिमूटभर राख जिभेवर ठेवली. कडवट लागली. थोड्या वेळानं जीभ जड झाली, मग ओठ परका झाला. देव बसला म्हणायचा. पण मग काल महाराजांच्या हातून घेतलेल्या चिमटीनं काहीच कसं झालं नव्हतं? आणि मग त्याला महाराजांचे हात आठवले. जन्मभर पैसे आणि तिकिटं मोजलेल्या माणसाची नजर हातांवर आधी जाते. महाराजांच्या कमरेला दोन पिशव्या होत्या. गर्दीला वाटताना हात डावीत जात होता, सुखीबाईला देताना उजवीत.

दुपारी तोंडाचा बधिरपणा उतरला तशी सुखीबाई कळवळायला लागली. टाळूला फोड आले होते. गालही आतून चावला गेला होता, थुंकीत रक्त. संगीता घाबरून रडायला लागली.

"काई नाई," सुखीबाई दातावर दात धरून म्हणाली. "अजून एक चमचा घेतला का थांबते."

"तेच तं," डोंगरसिंग म्हणाला. त्यानं तिला दोन पिशव्यांचं सगळं सांगितलं. तिनं तोंड फिरवलं. ऐकलं की नाही, कळलं नाही.

रविवारी महाराज पुन्हा लिंबाखाली बसले. आज बाजूच्या गावांतूनही माणसं आली होती. डोंगरसिंग गर्दीतून वाट काढत थेट शंकरसिंग नाईकापुढे जाऊन उभा राहिला. नाईक म्हणजे तांड्याचा प्रमुख, त्याचा शब्द मोडायची कुणाची छाती नव्हती.

"नाईक, आपल्या तांड्याची रीत काय हाये?"

"कोणती रीत?"

"वाटणाऱ्याची."

नाईकाला सांगायची गरज नव्हती. फार पूर्वी, म्हाताऱ्यांच्याही लहानपणी, कुणीतरी लग्नात नासकी दारू वाटली आणि तांड्यातले चांगले धडधाकट गडी गेले. तेव्हापासून बोरखिंडात एकच कायदा. दारू असो, प्रसाद असो की काढा, जो वाटतो त्यानं पहिला घोट स्वतः घ्यायचा, सगळ्यांसमोर. जावयालाही त्यातून सूट नव्हती.

"महाराजांनी पहिला घास घेतला नाई," डोंगरसिंग म्हणाला. "आपण सगळे विसरलो."

गर्दीत कुजबुज झाली. नाईकानं मान हलवली. "खरं हाये. महाराज, रीत हाये आमची. राग नोका मानू."

"राग कसला!" महाराज हसले. "हम तो रोज खाते!" आणि हात डाव्या पिशवीत घातला.

"ते नाई, जी. उजवी. माया बायकोले देता ते."

"दोन्ही एकच हैं, बेटा. देव एक, राख एक."

"मंग उजवीच खा ना. काय फरक पडते?"

महाराजांचा हात हवेत थांबला. "ती... रोग्यासाठी सिद्ध केलेली. निरोग्यानं घेतली तर शक्ती वाया जाते."

"महाराज," नाईक आता सरळ बसला, "पहिला घास." आवाज चढलेला नव्हता, पण लिंबाखाली चिडीचूप झालं.

महाराजांनी उजवीतून नखाएवढी चिमूट उचलली. "तिले चमचा देता," डोंगरसिंगनं सुखीबाईचा चमचा पुढं केला. मग दुसरा मार्ग राहिला नाही. महाराजांनी चमचाभर अंगारा तोंडात टाकून लगेच गिळायला पाहिलं. "घोळवा जी, तुमीच सांगता, घोळवा म्हणून." चांगला वेळ घोळवावं लागलं.

"आता सांगा लोकायले," डोंगरसिंग म्हणाला. "रोगाचं घर कुठं असते?"

महाराजांनी छाती फुगवली. "लोगातं घल..." एवढं बोलून ते दचकून थांबले. पुन्हा सुरुवात केली. "दे... देव दिभेवल..." ज्या तोंडानं गेला आठवडाभर तांड्याला भारून टाकलं होतं, त्या तोंडाला आता साधी जीभ वळेना. घाईघाईनं तांब्या उचलून तोंडाला लावला तर निम्मं पाणी दाढीवरून भगव्यावर आलं. पहिल्यांदा पोट्टे हसले, मग बाया, मग सगळेच.

"यात देव नाई," हसणं ओसरल्यावर डोंगरसिंग म्हणाला. "दात काढताना डॉक्टर हिरडी बधिर करते, तसलं औषध राखेत मिसळलं हाये. आग गेली नाई, आग समजेनाशी झाली. मिरची तं सोडा, निखारा ठेवला तरी समजाचा नाई. इच्या टाळूले फोड आले चहानं, या, पाहा."

नाईकानं दोन्ही पिशव्या काढून घेतल्या, पोलीस ठाण्यात द्यायला. महाराज कुणाच्या तरी मोटारसायकलवर बसून गेले. जाताना एक शब्द बोलले नाहीत, बोलता येतच नव्हतं. तरी पांगताना एक म्हातारी म्हणालीच, "रीत लावली म्हून देव कोपला. अंगारा खराच होता." डोंगरसिंगनं ते ऐकलं आणि त्याला एकदम बसावंसं वाटलं. इतकं सगळं करून शेवटी हे.

सुखीबाई मात्र हसली नव्हती. घरी येताना म्हणाली, "तुमी जितले. मायं काय? मी आता भाकर कशी खाऊ?"

 "डॉक्टरीण बाईले इचारू," तो म्हणाला. "तिले नाई आलं तं ती नाई येत म्हणन. एवढं तं हाये तिच्यापाशी."

 सोमवारी सकाळी तो उठला तेव्हा ती पदर खोचून दारात तयार बसली होती.

डॉक्टर निशिगंधा बाईंनी तिचं तोंड बॅटरीनं बघितलं आणि त्यांचा चेहरा पडला. "आज सलाईन नाही देता येणार. या औषधानं अंगातली रोगाशी लढायची ताकद आधीच उतरलीय, तोंडात जखमा असताना दिलं तर जंतू अंगभर पसरतील. हे भरून येऊ दे. पुढच्या सोमवारी." मग डोंगरसिंगनं पुढं केलेली पुडी बघून, त्याचं सगळं ऐकून म्हणाल्या, "बधिर करणारं काहीतरी आहे. नेमकं कोणतं ते तपासल्याशिवाय नाही सांगणार. पण बाई, असं औषध आमच्याकडेही आहे. योग्य मापाचं, जेवायच्या आधी लावायचं. चहा गार करून, मिरची बंद."

सुखीबाई बघतच राहिली. "मंग मले दिलं काहून नाई?"

"मी दर वेळी विचारलं, तुम्ही दर वेळी 'बरं हाये' म्हणालात."

"मले वाटलं, कुरकुर केली तं नाव कापतीन. नाव कापलं तं सलाईनबी बंद."

डॉक्टरबाईंनी बॅटरी खाली ठेवली. "अभ्यासातून कधीही निघता येतं, उपचार थांबत नाहीत. हे मी तुम्हाला नीट समजेल असं सांगायला हवं होतं. आणि नुसतं विचारण्यापेक्षा तोंड उघडून बघायला हवं होतं. ती चूक माझी. काढू का तुमचं नाव?"

डोंगरसिंगला वाटलं, आता ही हो म्हणणार. आणखी एक आठवडा वाया जाणार होता. पुन्हा तोच बसचा प्रवास, तीच रांग.

"बर्फाचं समजलं का, फायदा होते का नाई?" सुखीबाईनं विचारलं.

"अजून नाही. एकीच्या तोंडावरून कळत नाही. पुष्कळ बायांचं बघावं लागेल."

"मंग राहू द्या नाव. पण आता खरं लिवा. मायं तोंड सोललं, लय सोललं. मी खोटं बोलली तं पुढच्या बाईले कसं समजन?"

परतीच्या बसमध्ये डोंगरसिंगला डुलकी लागली. पुढच्या सीटवरची बाई शेजारणीला सांगत होती, झरीकडे एक बुवा आलेत, सांधेदुखीची पुडी देतात, घेतली की माणूस धावायला लागतो. त्याला ते ऐकू आलं, पण डोळे उघडायचंही जिवावर आलं.

सुखीबाईनं पुढं वाकून त्या बाईच्या खांद्याला हात लावला. तोंड दुखत होतं, शब्द तुटत होते, तरी ती हळूहळू, एकेक करून बोलली.

"बाई, दुखणं थांबलं म्हंजे गेलं असं नाई. मी फसली, तू फसू नोको. तो पुडी देईन तवा म्हणजो, पहिले तुमी खा. आन त्यात काय हाये, ते इचार. सांगत नसन तं उठून ये, सरळ दवाखान्यात जा. तिथली डॉक्टरीण मले माहीत नाई म्हणली, तं भेऊ नोको. जिले माहीत नसते, ती पाहून सांगते."

त्या बाईनं सुखीबाईच्या डोक्यावरच्या पदराकडे बघितलं, आणि मग शेजारणीला विचारलं, "त्या पुडीत काय असते, इचारलं का कोणी?"