सेवकरामचं शेवटचं कडवं

उद्या सकाळी नागपुरात सेवकरामचं स्वरयंत्र काढणार होते. म्हणजे आवाज कायमचा गेला. ज्या माणसाने करडी गावची तीस वर्षांची भीमजयंती गाऊन गाजवली, त्याचा आवाज! त्याची लेक रंजिता हट्टालाच पेटली होती. बाबांनी स्वतः रचलेलं एक तरी गाणं चारच्या गाडीआधी रेकॉर्ड झालंच पाहिजे.

मोबाईलवर नुसती खरखर यायची. घरचा जुना कॉम्प्युटर मे महिन्याच्या दुपारी पाच मिनिटांत तापून बंद पडायचा, आणि तोवर त्याचे पंखे असे घोंगावायचे की बाबांचा बसका आवाज त्यात बुडून जायचा. सकाळी रेकॉर्ड करावं, तर बाबांचा गळा दुपारशिवाय उघडत नव्हता. रंजिता भंडाऱ्याला कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात कामाला. तिने पंखे काढले नि पाणी खेळवलं. छोटा पंप प्रोसेसरवरून पाणी फिरवायचा, तापलेलं पाणी नळीतून पलीकडच्या खोलीत जायचं, तिथे जाळीत निवून परत यायचं. जाळीपुढे घरचा कूलर लावलेला. आतल्या खोलीत आवाजाचं नाव नाही.

"म्हणा, बाबा."

सेवकरामने सुरुवात केली. आवाज फाटका, पण काय गात होता! एक कडवं झालं, दुसरं झालं. रंजिताची नजर पडद्यावरच्या तापमानाच्या आकड्यावर. अठ्ठावन्न. एकसष्ट. सत्तर? तिने नळीला हात लावला. परतीचं पाणी चांगलं कढत. म्हणजे कूलर बंद! आईने, सुंदरबाईने, गाण्यात घरघर नको म्हणून मोठ्या मायेने बटण दाबलं असणार.

घ्या आता! ओरडावं तर माइकमध्ये जाणार, उठावं तर दार करकरणार. शंभरला मशीन बंद, अन् सेव्ह न केलेलं सगळं मातीत. पाणी होतं म्हणून आकडा दमादमाने चढत होता, पंख्यावर केव्हाच मान टाकली असती. पंच्याऐंशी. फक्त एक कडवं उरलं होतं. धर रे, थोडं धर, ती मनातल्या मनात मशीनला विनवत होती. पाठीवरून घामाच्या धारा लागल्या होत्या.

सेवकरामने शेवटचं कडवं उचललं, लेकीकडे पाहिलं आणि गाणं तिथंच सोडून ओरडला, "अवो, कूलर काहून बंद केला? पोरगी घामानं निथळून राहिली ना!"

पलीकडे कूलर सुरू झाला. आकडा उतरू लागला.

"बाबा, मले काही होत नव्हतं ना!" रंजिता चिडून, रडकुंडीला येऊन म्हणाली. "कायले थांबले तुम्ही? म्हणा ना तेवढं कडवं!"

त्याने तोंड उघडलं. नुसती हवा आली. दोनदा, तीनदा. मग त्याने हातानेच जाऊ दे म्हटलं.

"माह्याच हातानं सत्यानाश झाला व माय," सुंदरबाई दारात रडत होती. "ते ओरडणं तरी काढून टाक."

रंजिताने काढलं नाही. आता सेवकराम पाटीवर लिहून बोलतो. जयंतीला गावातली पोरं दोनच कडवी वाजवून थांबतात. रंजिता मात्र घरी एकटी असली की शेवटपर्यंत ऐकते. बापाने उरलासुरला आवाज तिच्या घामावर खर्चून टाकला होता, आणि त्याच्या मागोमाग तिचं ते चिडणंही रेकॉर्ड झालं आहे.