कंगव्याची दाढी

सुट्टीच्या सकाळी बाबा दाढीला बसले की घरात रांग लागायची. चामड्याच्या पट्ट्यावर वस्तरा घासून बाबा आधी स्वतःची दाढी करायचे, मग तोच वस्तरा थोरल्याच्या हाती, मग मधल्याच्या. मिसरूड फुटलेल्यांचाच तो मान. धाकटा सात-आठ वर्षांचा, रांगेच्या शेपटाला. थोरला त्याच्या गालांना भरपूर फेस फासायचा आणि कंगव्याच्या पाठीने खरवडून म्हणायचा, “झाली दाढी, साहेब. आता ऑफिसला जा.” सगळे हसायचे. धाकटा फुरंगटून बसायचा आणि पुढच्या सुट्टीला पुन्हा गाल पुढे करायचा.

त्याला खरी मिसरूड फुटली तोवर बाबा गेले होते आणि वस्तरा कपाटात पडला होता. आपला नंबर लागलाच नाही, हे शल्य त्याने पन्नाशीपर्यंत जपलं. माणूस काय जपून ठेवील, नेम नाही.

यंदा वस्तीत हिपॅटायटिस बी किती जणांना आहे हे पाहायला आरोग्य केंद्राची माणसं दारोदार रक्त घेत फिरली. शंभरात तीन-चार जण निघाले, आणि बहुतेकांना स्वतःलाच पत्ता नव्हता. त्यांत थोरला होता. मधल्याच्या रक्तात आजार येऊन गेल्याची खूण सापडली. धाकटा कोरा. “याही पंगतीत मला पान नाही,” तो म्हणाला. कुणी हसलं नाही.

नर्सबाईंनी खोदून विचारलं. लहानपणीची इंजेक्शनं, न उकळलेल्या सुया, कधी चढवलेलं रक्त, एकमेकांचं पातं. आजार आईकडून बाळालाही येतो, म्हणाल्या. नक्की कुठून आला ते आता सांगता येणार नाही. थोरल्याने त्यातलं पातं तेवढं ऐकलं. मधल्याला आजार मीच दिला, हे त्याने पक्कं धरलं आणि ताट-पेला घेऊन मागच्या खोलीत मुक्काम हलवला. पोरं जवळ आली की तोंड फिरवायचा. एका ताटात जेवल्याने, मिठी मारल्याने हा आजार होत नाही. पातं, ब्रश, नेलकटर वेगळं ठेवा, यकृताची तपासणी चुकवू नका, बाकीच्यांनी लस घ्या, असं बाईंनी दोनदा बजावलं. पालथ्या घड्यावर पाणी.

त्याच्या थट्टेवाचून घर खायला उठलं. धाकट्याला ते सोसवेना. लसीचा पहिला डोस घेतल्यावरच्या सुट्टीला तो नवा ब्रश, फेसाची वाटी आणि कंगवा घेऊन मागच्या खोलीत गेला आणि थोरल्यासमोर मांडी घालून बसला.

“दादा, माझा नंबर.”

“लांब बस. तू वाचलास, ते नशीब समज.”

“मधल्याला तू आजार दिलास म्हणतोस ना? मग मला कंगवा देऊन वाचवलंस, हेही म्हण. एकाच हिशेबातलं अर्धं नको सांगूस.”

थोरल्याने ब्रश उचलला. इतक्या दिवसांत त्याने कुणाला हात लावला नव्हता. फेस धाकट्याच्या नाकात गेला. कंगव्याची पाठ पांढऱ्या खुंटांवरून खरखरत फिरली.

“झाली दाढी, साहेब,” तो म्हणाला. “आता...”

“ऑफिसला सुट्टी आहे,” धाकटा म्हणाला. “चहाला चल.”

दोघं बाहेर आले तेव्हा धाकट्याच्या कानाला फेस तसाच होता. थोरल्याचा पेला धाकट्याने आपल्या हाताने सगळ्यांच्या पेल्यांत ठेवला.