शेवटी जेवणारा माणूस

मी पळी बोलतेय. लोखंडी, लांब दांड्याची, दिसायला बेताची. गोष्ट सांगायचा उत्साह आता उरलेला नाही. पण मोठ्या माणसांकडून ऐकाल तर उलटीच ऐकाल, म्हणून सांगते.

लोहाराने मला एका फुटक्या कढईतून ठोकून काढलं. एका विणकराच्या घरी माझं बरं चाललं होतं. मग शहराला वेढा पडला. विणकर लढायला गेला तो आलाच नाही. बायको तापाने गेली. त्यांची दोन पोरं, ताई आणि धाकटा, थोरल्या काकांच्या तळघरात आली. पोरीच्या बोचक्यातून मीही आले.

तळघरात एक चूल, एक हंडा. मूठभर जव आणि हंडाभर पाणी, तीच सगळ्यांची पेज. वाढायचे काका.

"आधी लहानांना," ते म्हणायचे. "माझं काय, पिकलं पान. मी शेवटी."

तळघरात आसऱ्याला आलेली शेजारीण डोळे पुसायची. "देवमाणूस हो."

देवमाणूस मला वरच्या पाण्यातच फिरवायचा. पोरांच्या वाडग्यात नुसतं कोमट पाणी. जव जड, ते तळाशी बसायचे. सगळ्यांचं झालं की काका मला खोल बुडवायचे आणि भिंतीकडे तोंड करून जेवायचे. लोकांना वाटायचं, भुकेल्या पोरांसमोर बिचाऱ्यांना घास उतरत नाही.

मला तेव्हा वाचा नव्हती. असती तरी मोठ्यांपुढे माझं कोण ऐकणार?

थंडी वाढली. धाकट्याला उठून बसवेना. एकदा वाडगी धुताना ताईला काकांच्या वाडग्याला चिकटलेले जव दिसले. बाकीची वाडगी धुवायची गरजच नव्हती.

दुसऱ्या दिवशी तिने मला उचललं. "काका, आज तुम्ही आधी."

"छे गं, माझं काय..."

"रोज तुम्हीच का मागे राहायचं?"

शेजारणीने त्यांना हात धरून बसवलं. "ऐका पोरीचं. किती जीव आहे तुमच्यावर."

ताईनेही मला वरच्या पाण्यातच फिरवलं आणि त्यांना वाढलं. काकांनी वाडग्यात पाहिलं, मग तिच्याकडे. मग तिने मला तळापर्यंत घालून हंडा ढवळला आणि बाकीच्यांना वाढलं.

धाकटा बराच वेळ तोंड हलवत राहिला. "ताई," तो म्हणाला, "यात चावायला काहीतरी आहे."

वेढा उठला तेव्हा तो स्वतःच्या पायांनी जिना चढला. काकाही जगले, आणि आपल्या त्यागाच्या कथा सांगत म्हातारे झाले. ताईने त्या कधी खोडल्या नाहीत. त्यांच्याशी बोलण्यासारखं तिच्याकडे काही उरलंच नव्हतं.

मी आता अडगळीत आहे. दांडा सैल झालाय, कड झिजलीय. मला घासूनपुसून पुन्हा कामाला लावू नका, थकलेय. फक्त कोणी मोठं माणूस "मी शेवटी" म्हणालं, तर गहिवरण्याआधी हंडा ढवळा.