दुख्तर जलील शेख

गॅरेजवाल्या जलील मिस्त्रीने खोक्यातली सगळ्यात उंच ट्रॉफी बाहेर काढली, शर्टाच्या बाहीने पुसली आणि खालची पितळी पट्टी उजेडाकडे धरून वाचली. ‘प्रथम क्रमांक, बारावी विज्ञान. दुख्तर जलील शेख.’ दुख्तर म्हणजे मुलगी. भंडाऱ्याच्या त्या दुकानातल्या बाकीच्या गिऱ्हाइकांनाही ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने त्याने ते वाचलं. मोहाडीच्या जमातीच्या गुणगौरवात पहिला नंबर मुलीचा येण्याची ही पहिलीच वेळ होती, आणि ती मुलगी त्याची होती.

दुकानदार भुपेंद्रने खोकं सुतळीने बांधता बांधता सहज विचारलं, पोरांच्या ट्रॉफ्यांवर पोरांची नावं आहेत, मग पोरींच्या ट्रॉफ्यांवर बापांची काहून?

“आमच्यात तसंच असते,” जलील म्हणाला. “चारचौघांत पोरीचं नाव पुकारत नाही. अदब असते ते.”

भुपेंद्रने मान डोलावली. जलीलने खोकं मोटरसायकलवर बांधलं आणि निघाला. वरठीपर्यंतचा रस्ता मजेत सरला. वरठी मागे पडल्यावर मात्र त्याला संध्याकाळची बैठक आठवली आणि त्याचं तोंड आंबट झालं.

भानगड अशी होती. पहिल्या आलेल्या मुलाने स्टेजवर येऊन ट्रॉफी घ्यायची आणि माईकवर दोन शब्द बोलायचे, हा गुणगौरवाचा जुना रिवाज; बाकीच्या पोरींच्या ट्रॉफ्या त्यांचे बापच घ्यायचे. यंदा पहिली आली होती तरन्नुम, आणि तरन्नुम नकाब घालत होती. नुसता बुरखा नव्हे, डोळे सोडून सगळा चेहरा झाकणारा नकाब. अकरावीला भंडाऱ्याच्या कॉलेजात जायला लागली तेव्हा तिने तो आपल्या मनाने घातला. घरात कोणी सांगितलं नव्हतं. उलट जलीलने समजावून पाहिलं, रागावून पाहिलं, अबोला धरून पाहिला. त्याची आई बशीरबी हिने जन्मभर बिड्या वळल्या, नवरा गेल्यावर उघड्या चेहऱ्याने बाजारात बसून पोरं वाढवली. अशा बाईच्या नातीने तोंड झाकावं, हे त्याच्या घशाखाली उतरत नव्हतं. तरन्नुमचं उत्तर ठरलेलं. “मले बरं वाटते, अब्बा.”

संध्याकाळी असरच्या नमाजानंतर मशिदीच्या अंगणात बैठक भरली आणि पाहता पाहता तापली. कापडवाला इद्रीस म्हणाला की पोरगी हुशार आहे, अल्ला तिला आणखी देवो, पण तिने एवढ्या परक्या माणसांसमोर स्टेजवर चढणं त्याला पटत नाही. ट्रॉफी बापाने घ्यावी. इद्रीस भला माणूस, कोणाच्याही मयतीला सगळ्यांत आधी पोचणारा. त्यामुळे त्याला कोणी झिडकारू शकत नव्हतं. रिटायर मास्तर नुरुल सर मात्र चवताळले. चेहरा झाकायला कुठे सांगितलं आहे, ते त्यांनी विचारलं. हजला गेलेली बाई चेहऱ्यावर नकाब बांधत नाही, मग मोहाडीच्या शादीखान्यातच तिला कोणता धोका आहे? इद्रीसने सांगितलं, हजची गोष्ट वेगळी, आणि झाकावा म्हणणारे आलिम-मौलवीही काही कमी नाहीत. नुरुल सरांनी शेवटी मनातलं बोलून टाकलं. तहसील ऑफिसातल्या दामिनी मॅडम पाहुण्या येणार, पेपरात फोटो येणार, त्यात नकाबवाली पोरगी दिसली तर लोक जमातीला मागासलेली म्हणतील. तिने चेहरा उघडूनच स्टेजवर यावं.

जलील नुरुल सरांच्या बाजूने तावातावाने बोलला. पण निकाल काही लागेना. अखेर जमातीचे सदर, म्हणजे अध्यक्ष, हाजीसाहेबांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं.

“पोरगी जलीलची हाय. जलील ठरवंल.”

घरी आला तो ठरवूनच आला. तरन्नुम पाटावर बसून तांदूळ निवडत होती. शेजारी बशीरबी सुपारी कातरत होती. स्वयंपाकघराच्या दारात त्याची बायको उभी होती. तिला तो लग्नापासून ‘ऐकते का’ अशीच हाक मारत आला होता, आणि मुलगी झाल्यावर त्यात ‘तरन्नुमची अम्मी’ एवढी भर पडली होती.

“स्टेजवर जायचं असंल तं तोंड उघडून जाय,” जलील म्हणाला. “नाहीतर मी जातो अन् ट्रॉफी घेऊन येतो. तुझं भाषण राहिलं मंग.”

तरन्नुमने तांदळातला खडा वेचून बाजूला टाकला. “अन् बोलायचं काय, तेही तुमीच सांगान का?”

ते भाषण तिने आठवडाभर घोकलं होतं. अंघोळीला गेली की आतून तिचा आवाज यायचा, आणि जलील बाहेर उभा राहून चोरून ऐकायचा. ते बुडालं तर पोरगी पुन्हा कधी माईकजवळ जायची नाही, हे त्याला कळत होतं. पण शब्द तोंडातून गेला होता.

“माह्या सासूनं मले घुंगट घ्यायले सांगतलं, मी नाही घेतला,” बशीरबी अडकित्ता थांबवून म्हणाली. “तू इले काढायले सांगून राहिला, हे नाही काढत. नात कोनावर गेली, ते पाह्य आता.”

जलील हात धुवायला मोरीवर गेला आणि नुसताच पाणी ओतत बसला.

गुणगौरवाच्या दिवशी शादीखाना गच्च भरला. पुरुष एका बाजूला, मधे हिरवा पडदा, पलीकडे बाया. तरन्नुम काय करणार हे तिने शेवटपर्यंत सांगितलं नव्हतं, आणि जलीलची विचारायची छाती झाली नव्हती. तो पहिल्या रांगेत बसून गुडघा हलवत राहिला. नुरुल सरांनी माईक हातात घेतला. सुरुवात पहिल्या नंबराने होती.

“प्रथम क्रमांक, दुख्तर जलील शेख.”

टाळ्या पडल्या आणि थांबल्या. पडदा हलला नाही. सरांनी खाकरून पुन्हा पुकारलं. दामिनी मॅडम ट्रॉफी घेऊन उभ्याच होत्या. जलीलला वाटलं, संपलं. पोरगी घाबरली, नाहीतर रुसली, आणि दोन्हीचं कारण आपणच. पलीकडच्या खुर्चीवरून इद्रीसने त्याला हाताने खूण केली, ऊठ, तू घे. जलील उठला. पाय ओढत स्टेजच्या पायरीपर्यंत गेला.

तेवढ्यात पडद्याआडून आवाज आला. अंघोळीच्या वेळी यायचा तोच, पण आता त्याला कसली भीड नव्हती.

“सर, त्या नावाची इथं कोनी नाही.”

पुरुषांच्या बाजूने कोणीतरी हसलं. नुरुल सर गोंधळले. त्यांनी हातातला कागद उलटा करून पाहिला.

“माहं नाव पुकारा,” आवाज म्हणाला. “मंग येईन.”

सगळा शादीखाना जलीलकडे पाहत होता. जलील पाहत होता मॅडमच्या हातातल्या ट्रॉफीकडे. ती पट्टी त्याने स्वतः सांगून कोरून घेतली होती, बाहीने पुसली होती, गर्वाने वाचली होती. पोरीचा चेहरा जगाला दिसावा म्हणून तो दोन वर्षं घरात भांडला, आणि तिचं नाव स्वतःच्या हाताने मिटवून दुकानदाराला वर अदब शिकवून आला. त्याला भर सभेत लाज वाटली. आणि त्या लाजेच्याही वर, पोरीचा अभिमान दाटून आला.

तो पायऱ्या चढला. नुरुल सरांच्या हातातून माईक घेतला. एवढ्या माणसांसमोर तो आयुष्यात कधी बोलला नव्हता.

“तरन्नुम,” तो म्हणाला. आवाज फाटला, म्हणून त्याने पुन्हा म्हटलं. “तरन्नुम जलील शेख. ये बेटा.”

बशीरबीने पडदा हाताने बाजूला सारला आणि तरन्नुम बाहेर आली. नकाब चेहऱ्यावर जागच्या जागी होता. ती माणसांच्या मधून, घाई न करता, ताठ चालत आली. नुरुल सरांचं तोंड उतरलं, कारण चेहरा झाकलेला होता. इद्रीसचंही उतरलं, कारण पोरगी स्टेजवर होती. तिने ट्रॉफी घेतली, मॅडमशी हात मिळवला आणि माईकपुढे उभी राहिली.

“चेहरा मी झाकला, माह्या मर्जीनं,” ती म्हणाली. “कोनाले झाकायचा नसंल तं नका झाकू, माही दादी नाही झाकत. पन नाव मी नव्हतं झाकलं. ते तुमी झाकलं.”

मग तिने पाठ केलेलं भाषण केलं, एक शब्द न गाळता. शिक्षकांचे आभार मानले, दादीच्या बिड्यांचे मानले, अब्बांच्या गॅरेजचेही मानले. पडद्याआड आधी एक टाळी वाजली, मग पावसाळ्यात पत्रे वाजावेत तशा वाजू लागल्या. बशीरबी तर उभी राहून दोन्ही हात डोक्यावर नेऊन टाळ्या पिटत होती. पुरुषांच्या बाजूला हाजीसाहेबांनी पहिली टाळी दिली, आणि मग कोणाला मागे राहता येईना.

पुढचं नाव दहावीचं होतं. नुरुल सरांनी कागद वाचायला तोंड उघडलं, “दुख्तर मोहम्मद इद्रीस...” आणि थांबले. त्यांनी इद्रीसकडे पाहिलं. इद्रीस मान खाली घालून बसला होता. दाढीवरून त्याने दोनदा हात फिरवला. मग बसल्या जागेवरूनच, पण सगळ्यांना ऐकू येईल असं, तो म्हणाला,

“सुमय्या. सुमय्या नाव हाय तिचं.”

त्यानंतर एकाही पोरीला दोनदा पुकारावं लागलं नाही.

दिवेलागणीला जलील अंगणात ट्रॉफी मांडीवर घेऊन बसला होता. घरी आल्या आल्या तरन्नुमने ती त्याच्या पुढ्यात ठेवली होती आणि पट्टी बदलून आणा, एवढंच म्हणून दादीजवळ जेवायला बसली होती. आतून दोघींच्या हसण्याचा आवाज येत होता. पट्टीचे स्क्रू बारीक होते आणि उजेड कमी पडत होता.

“मेहरून,” त्याने हाक मारली, “जरा टॉर्च आण.”

आतून कोणी आलं नाही. त्याने पुन्हा हाक मारली. मग त्याची बायको दारात आली, पदराला हात पुसत. तिने अंगणात इकडेतिकडे पाहिलं.

“कोनाले आवाज देऊन राहिले?”

“तुलेच,” जलील खाली पाहत म्हणाला.

ती आत गेली, टॉर्च घेऊन आली, त्याच्याशेजारी बसली आणि उजेड पट्टीवर धरला. त्याने पहिला स्क्रू काढला. दुसरा काढायला घेतला तेव्हा उजेड हलला.

“अजून एकदा म्हना बरं,” ती म्हणाली.