अरिशूतचं प्रायश्चित्त

बिशप मुथुनचं नवं पुस्तक तापारूरा गावच्या ख्रिस्ती मंडळीपुढं पहिल्यांदा वाचलं गेलं, तेव्हा त्याची थोरली बहीण अरिशूत दाराबाहेर पतितांच्या रांगेत उभी होती. अंगात गोणपाट, केसांत राख. पतितांना आत यायची मुभा नव्हती, पण त्या दिवशी दार मुद्दाम सताड उघडं ठेवलं होतं. पुस्तक त्यांच्यासाठीच होतं. बादशहाच्या हुकमाला भिऊन ज्यांनी चौकातल्या वेदीवर रोमच्या देवांना धूप टाकला, त्यांना मंडळीत परत घ्यायचं की नाही, आणि घ्यायचं तर कसं, यावर मुथुननं सगळा हिवाळा लिहीत काढला होता.

तो वाचायला लागला की भल्याभल्यांना पाझर फुटे. कार्थेजला वक्तृत्व शिकलेला माणूस. त्याचं लिखाण तेलाच्या गलबतांबरोबर पार रोमपर्यंत जाई, आणि तिथले लोक विचारत म्हणे, हा आफ्रिकेतला कोण. बाप लवकर गेल्यावर अरिशूतनं त्याला वाढवलं होतं. मासे खारवायच्या टाक्यांत गुडघाभर उभं राहून तिनं त्याला शिकायला पाठवलं, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं.

"आणि ती आई आठवा," मुथुन आतून वाचत होता, "जिच्या कडेवर मूल खेळत होतं. मूल तिच्या कानातल्या डुलाशी चाळा करत होतं, आणि ती देवाकडं पाठ फिरवून चालली होती. बायांनो, त्या आईसाठी रडा. तिला स्वतःला रडता येईल तोवर तुम्ही रडा."

बाया रडल्या. रांगेतली शेजारची म्हातारी तर भुईवर कपाळ आपटायला लागली. अरिशूतनं नकळत कानाला हात लावला. डूल तिनं कधीच काढून ठेवले होते. ही मीच, एवढं तिच्या ध्यानात आलं. बाकी काही झालं नाही. डोक्यावर ऊन होतं, राखेनं टाळू खाजत होती, आणि टाकीवर झाकण घालायचं राहिलंय हे तिला आठवत होतं.

धूप टाकला तो दिवसही असाच उन्हाचा होता. तिचा नवरा बिर्झिल, नावा दुरुस्त करणारा, आदल्या संध्याकाळीच नकार देऊन बसला होता आणि त्याला कोठडीत नेलं होतं. बिशप मुथुन त्याच्याही आधी गाव सोडून डोंगरातल्या एका मळ्यावर लपला होता. कळपाला मेंढपाळ हवा, तो मेला तर कळप उधळेल, असं तेव्हा सगळेच म्हणत होते. चौकात लांबलचक रांग होती. अरिशूतच्या कडेवर इमिल्का होती, खजूर चोखत. पाळी आली तेव्हा कारकून म्हणाला, "आटपा बाई, मागं माणसं खोळंबलीत." तिनं चिमूट उचलली आणि टाकली. एवढंच. लेकीला आई राहावी म्हणून टाकली.

बिर्झिल कोठडीतच मेला. प्रेतही दिलं नाही त्यांनी. आणि पावसाळी वारं सुटलं त्या सुमारास गावात साथ आली, तेव्हा इमिल्का तापानं फणफणली, डोळे लाल झाले, आणि बघता बघता गेली.

तेव्हापासून अरिशूतला काही वाटेनासं झालं. दुःख होतं असं म्हणावं तर तसंही नाही. ती उठायची, मासे चिरायची, मिठाचे थर लावायची, झोपायची. पूर्वी बोटाला चीर पडली की मीठ असं झोंबायचं की ती शिव्या घालायची. आता झोंबतच नव्हतं.

वाचन झालं त्या संध्याकाळी मुथुन टाक्यांवर आला. अंगरख्याची टोकं उचलून, माशांच्या पाण्यातून पाय वाचवत. क्वार्तिला तिथंच बसली होती. क्वार्तिला म्हणजे शेजारीण, विधवा, जिभेला हाड नसलेली. तिनंही नकार दिला होता, आणि कोठडीत तिच्या उजव्या हाताची बोटं मोडली होती. मंडळीत तिला आता पहिल्या रांगेत जागा होती. ती मात्र रोज इथं येऊन डाव्या हातानं मासे निवडू लागायची.

"या बिशपसाहेब," ती म्हणाली. "आज काय रडवलंत हो! माझ्या जावेनं तर ओढणीच पिळली."

मुथुन हसला नाही. बहिणीसमोर उपड्या घातलेल्या रांजणावर बसला.

"ताई, तुला राग आला का?"

"कशाचा?"

"मी ते लिहिलं त्याचा. नाव घातलं नाही मी."

"गावाला नाव लागत नाही."

"राग आला असेल तर बोल. शिव्या दे. काहीतरी बोल तरी."

"राग नाही आला रे. तू नीट बस, तो रांजण डुगडुगतोय."

मुथुननं दोन्ही हातांनी तोंड पुसलं. मग तो मुद्द्यावर आला. येत्या रविवारी मंडळीचे वडीलजन पतितांना एकेक करून पुढं बोलावणार होते. ज्यांचा पस्तावा खरा दिसेल, त्यांना आत घेणार. "आणि पस्तावा दिसायला हवा, ताई. डोळ्यांतून. मीच लिहिलंय तसं. आता माझीच बहीण कोरड्या डोळ्यांनी उभी राहिली, तर वडीलजनांतला होनोरात काय म्हणेल? सगळ्यांसमोर म्हणेल तो."

"मला रडू येत नाही."

"प्रयत्न कर. इमिल्काचा विचार कर."

क्वार्तिलानं हातातला मासा टोपलीत टाकला. "अहो, त्यापेक्षा येताना एक कांदा आणा. डोळ्याला चोळू, म्हणजे काम भागलं. लेकरू कशाला मध्ये घेता?"

"क्वार्तिलाबाई, ही चेष्टा नाही."

"मीही चेष्टा करत नाहीये. बोटं मोडली तेव्हा मी गुरासारखी ओरडले, म्हणून मी पवित्र. ही ओरडत नाही, म्हणून ही दगड. असा कुठं न्याय असतो?"

"नियम आहे," मुथुन म्हणाला. आवाज मात्र पडला होता. उठताना त्यानं बहिणीच्या खांद्यावर हात ठेवला. अरिशूतनं तो तसाच राहू दिला. जरा वेळानं त्यानंच काढून घेतला.

रविवारी तिचा क्रम आला. होनोरात म्हणजे मंडळीतला सगळ्यांत वयस्कर वडील, धान्याचा व्यापारी, कोठडी भोगून आलेला. त्यानं विचारलं, "बाई, काय केलंस ते सांग."

अरिशूतनं सांगितलं. चौक, रांग, कडेवरची पोर, चिमूट. बाजारातून काय आणलं ते सांगावं तसं सांगितलं. आधीच्या बाया बोलता बोलता कोसळल्या होत्या, त्यांना उचलून न्यावं लागलं होतं. आता सगळे तिच्या रडण्याची वाट बघत थांबले. कुणीतरी खोकलं. मुथुन वर आपल्या आसनावर बसला होता आणि पायांकडं बघत होता.

"आणि आता तुला काय वाटतं?" होनोरातनं विचारलं.

अरिशूतनं खरंच आठवून पाहिलं. "काही नाही."

"काही नाही?"

"काही वाटत नाही, काका. खोटं कशाला सांगू."

कुजबुज झाली. होनोरात दुष्ट नव्हता. पण कोठडीत त्याच्या डोळ्यांदेखत त्याचा भाऊ मेला होता, आणि बिर्झिलही त्याच कोठडीत गेला होता. तो वळला आणि म्हणाला, "बिशप, तुमच्याच पुस्तकात लिहिलंय. जिथं अश्रू नाहीत, तिथं जखम अजून उघडलीच नाही. मग त्यावर मलम कसं लावायचं?"

सगळे मुथुनकडं बघायला लागले. शेवटी तो म्हणाला, "हिला अजून थांबू द्या."

अरिशूतनं मान हलवली आणि आपल्या जागी, दाराबाहेर जाऊन उभी राहिली. प्रार्थना संपल्यावर घरी गेली आणि राहिलेले मासे पालटले.

त्या उन्हाळ्यात साथ उलटून आली. पहिल्यापेक्षा वाईट. लोक घरच्या आजाऱ्यांना रस्त्यावर आणून टाकायला लागले. मुथुननं मंडळीला गोळा करून सांगितलं की आपण पळायचं नाही, आपल्यातला असो की वेदीपुढं वाकणारा, ज्याला ताप आहे त्याला पाणी पाजायचं. चांगलं बोलला तो. तरी पुढं आली ती मोजकीच माणसं. क्वार्तिला आली, आणि तिच्या मागून अरिशूत आली. अरिशूतला भीती वाटत नव्हती, त्यामुळं तिला शौर्यही करावं लागलं नाही. ती घाण उपसायची, ओठ ओले करायची, मेलेल्यांचे डोळे मिटायची. बाया म्हणायच्या, काय धीराची आहे. क्वार्तिला मात्र संध्याकाळी तिला बळंच बसवून जवाच्या पेजेचा वाडगा पुढं करायची आणि रिकामा होईस्तोवर हलायची नाही.

उन्हाळा सरता सरता अरिशूतही आडवी झाली. तिसऱ्या प्रहरी क्वार्तिला धावत बिशपकडं गेली. "चला लवकर. डोळे लाल झालेत. आता तरी नियम आड येऊ देऊ नका."

नियम आड येत नव्हता. मरणाच्या दारात असलेल्या पतिताला प्रभूची पवित्र भाकर देऊन मंडळीत घ्यावं, हेही मुथुननंच लिहिलं होतं. तो भाकरीचा तुकडा फडक्यात गुंडाळून आला. अरिशूतला गिळता येईना. तेव्हा त्यानं तुकडा पाण्यात भिजवला आणि बोटानं तिच्या तोंडात सारला, लहान मुलाला भरवतात तसा.

"ताई, तुला क्षमा आहे. ऐकतेस का? तू आत आलीस."

तिनं गिळलं. "दार लावून घे," ती म्हणाली. "मांजर शिरतं माशांत."

सगळ्यांनी धरलं होतं की रात्र निघणार नाही. रात्र निघाली. दुसऱ्या दिवशी ताप उतरला, आणि आठवडाभरात ती भिंतीला धरून उभी राहिली. क्वार्तिला हसून हसून बेजार झाली. "काय बाई तू! मरते म्हणून आत शिरलीस आणि शिरल्यावर बरी झालीस! होनोरातकाकांच्या घशात काटाच अडकवलास."

काटा खरोखरच अडकला. होनोरात म्हणाला, भाकर मरणाऱ्याला दिली होती, ही तर जिवंत आहे, हिला पुन्हा बाहेर उभी करा. वाद इतका पेटला की शेजारच्या गावांतून विचारणा आली. मग मुथुननं आणखी एक लहानसं पुस्तक लिहिलं. देवानं जगवलं त्याला आपण बाहेर काढायचं, असं कोणत्या तोंडानं म्हणायचं, असा त्याचा सूर होता. ते वाचून वडीलजनांनी हट्ट सोडला. होनोरातनंही मान डोलावली. मग तो स्वतः अरिशूतकडं आला, आणि सुकलेल्या अंजिरांची माळ ठेवून गेला.

तो वाद मिटला त्या संध्याकाळी मुथुन पुन्हा टाक्यांवर आला. या वेळी एकटाच होता.

"तू मला कधी विचारलं नाहीस," तो म्हणाला.

"काय?"

"बिर्झिलला नेलं तेव्हा मी कुठं होतो ते."

"कुठं होतास?"

"मळ्यावर. विहिरीपाशी सावली होती तिथं बसायचो. खायला-प्यायला चांगलं होतं. लिहीत होतो मी, ताई. छळात धीर कसा धरावा, त्यावर." एवढं बोलून तो रडायला लागला. आफ्रिकेतला नावाजलेला बिशप, ज्याचं वाक्य ऐकायला लोक लांबलांबून यायचे, तो माशांच्या वासात तोंड झाकून हुंदके देत होता.

अरिशूतनं हात पुसले आणि त्याचं डोकं मांडीवर घेतलं. लहानपणी घ्यायची तसं. डोकं जड लागलं. केस विरळ झालेत, असं तिच्या मनात आलं. त्याला बरं वाटावं असं काहीतरी बोलावं, हे तिला कळत होतं. सापडलं नाही, म्हणून ती नुसती थोपटत राहिली.

रविवारी ती आत गेली. बायांमध्ये, क्वार्तिलाच्या डावीकडं उभी राहिली. हातावर भाकर आली ती खाल्ली. आत गारवा होता.

पुढं काही वर्षांनी नव्या बादशहाचा नवा हुकूम निघाला, आणि तो थेट बिशपांवरच होता. शिपाई येताहेत असा निरोप आदल्या दिवशीच पोचला होता. मळ्यावर जायला खेचर तयार आहे असं लोकांनी सांगितलंही. मुथुन गेला नाही. शिपाई आले तेव्हा तो घरात बसून होता. त्याला आतल्या, खारट तळ्यांच्या पलीकडच्या मुलखात हद्दपार केलं. गावाच्या वेशीपाशी अरिशूतनं त्याच्या हातात सुके मासे, तेलाचा बुधला आणि बिर्झिलचं घोंगडं दिलं.

"या वेळी पळालो नाही, ताई."

"बघितलं मी. रात्री पाय उघडे टाकू नकोस. तिकडं पहाटे फार गारठतं."

तो तिच्या तोंडाकडं बघत थांबला. शिपाई म्हणाला, चला. तो गेला.

दुसऱ्या हिवाळ्यात तिकडून आलेल्या एका उंटवाल्यानं सांगितलं की बिशप तापानं गेला, तिथल्या माणसांनी नीट पुरला. अरिशूत रांजणाच्या तोंडाला डांबर लावत होती. तिनं त्या माणसाला पाणी दिलं, बसायला सांगितलं. उरलेलं डांबर लावून घेतलं, कारण गार झालं की ते बसत नाही. मग हात घासून धुतले आणि क्वार्तिलाकडं गेली.

"मुथुन गेला," ती म्हणाली.

क्वार्तिलानं मोडक्या हातानं छाती बडवली आणि मोठ्यानं रडली. गल्लीतल्या बाया जमल्या. अरिशूत तिच्याजवळ भिंतीला टेकून बसली. मध्येच क्वार्तिलानं तिचा हात घट्ट धरला, आणि अरिशूतनं तो सोडवून घेतला नाही. बाया गेल्या, उजेड गेला, दिवा लावायला कुणी उठलं नाही. टाक्यांवर झाकणं घालायची होती. त्या रात्री ती घालायला गेली नाही.