टर्बो थांबेपर्यंत

सासऱ्यांनी चावी फिरवून इंजिन बंद केलं आणि उजव्या हाताचं बोट वर धरलं. गॅरेज चिडीचूप झालं. पंक्चरवाल्याने हातोडी मांडीवर ठेवली, गाडीचा ड्रायव्हर बोलता बोलता अर्ध्यावर थांबला, आणि बॉनेटपाशी उभ्या असलेल्या सुनेने हातातला पाना वाजू नये म्हणून मुठीत घट्ट धरला.

ही त्यांची जुनी पद्धत. डिझेल इंजिन बंद केलं तरी टर्बो लगेच थांबत नाही. ओंजळीत मावेल एवढी ती चीज, पण इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तापल्या धुरावर फिरते, आत जास्तीची हवा कोंबते आणि गाडीला चढावर बळ देते. तिचा दांडा तेलाच्या पातळ थरावर तरंगत असतो. तेल वेळेवर बदललं नाही, किंवा घाट चढून आल्या आल्या गाडी तापलेली असतानाच बंद करायची खोड असली, की ते तेल आतल्या आत जळतं, काजळी धरते आणि दांडा बेअरिंग खायला लागतो. धड असलेला टर्बो बारीक शीळ घालत सावकाश थांबतो. बिघडलेला खरखरतो आणि मध्येच अडतो. ती शीळ नीट ऐकू यावी म्हणून सासरे हवेची नळी काढून टर्बोचं तोंड उघडं ठेवायला लावायचे. शीळ संपली की बोट खाली यायचं आणि निकाल मिळायचा. तो निकाल म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. लांबलांबून लोक गाड्या आणायचे ते या कानांसाठी.

सुनेने ऐकलं. शीळ सुरू झाली, आत खर्रकन काहीतरी घासलं, आणि आवाज तुटला.

बोट वरच होतं.

तिने सासऱ्यांकडे पाहिलं. डोळे मिटलेले, मान किंचित कललेली, सगळं नेहमीसारखं. नेहमी लागायचा तेवढा वेळ गेला, आणि मग बोट सावकाश खाली आलं.

"ठणठणीत आहे," सासरे म्हणाले. "फाटकी नळी हिने बदलली आहे, त्यामुळेच दम लागत होता चढावर. निघा खुशाल."

घरात टीव्ही मोठ्याने लागायचा, हाका वाया जायच्या, हे तिला माहीत होतं. पण सासूबाई म्हणायच्या, "यांना लग्न झाल्यापासून माझं ऐकू येत नाही, त्यात नवं काय?" आणि सगळे हसायचे, तीही हसायची. माणसांचं बोलणं ऐकू न येणं वेगळं. टर्बोची शीळ ऐकू येत नसेल हे तिच्या मनातही आलं नव्हतं. पोटच्या मुलाला डिझेलच्या वासाने मळमळायचं, म्हणून या माणसाने सुनेच्या हाती पाना दिला होता, चार लोक हसले तरी. जे काही तिला येत होतं ते त्यांनी शिकवलेलं होतं.

मागच्या सीटवर ड्रायव्हरची बहीण आणि तिची दोन मुलं बसली होती. धाकटा काचेला नाक लावून चपटं करत होता. त्यांना घाट ओलांडायचा होता.

असा टर्बो घाटात फुटला तर काय होतं ते तिने एकदा पाहिलं होतं. बेअरिंगमधलं तेल हवेबरोबर इंजिनात शिरतं आणि इंजिन त्या तेलावरच धावायला लागतं. मग चावी काढून घेतली तरी ते थांबत नाही. पांढरा धूर, कानठळ्या बसवणारा आवाज, आणि स्टिअरिंगमागे घाबरलेला माणूस. गाडी घाटाच्या उतारावर असेल तर पुढचं सांगायलाच नको.

"बाबा, परत एकदा बंद करून ऐकायचं का?" तिने विचारलं.

सासरे तिच्या ओठांकडे बघत होते. "कशाला? ऐकलं ना मी!"

त्यांचा आवाज चढला होता. पंक्चरवाला इकडे बघायला लागला. आता 'टर्बो गेलाय' म्हणावं तर पुढचा प्रश्न ठरलेला होता: मग यांना कसा नाही ऐकू आला? झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि ही मूठ उघडली तर संध्याकाळपर्यंत सगळ्या रस्त्याला कळलं असतं. न बोलावं, तर ती मुलं.

ड्रायव्हर आत बसला. "ताई, नळी लावा पटकन. उशीर होतोय."

ती नळी घेऊन वाकली. नळी आवळणाऱ्या क्लॅम्पचा स्क्रू हातात धरला. ड्रायव्हरने चावीला हात घातला.

"थांबा!" ती ओरडली. "चावी फिरवू नका. नट पडला माझ्याकडून. टर्बोच्या तोंडात गेलाय."

"काय?" ड्रायव्हर बाहेर आला. "एक नट सांभाळता येत नाही? म्हणून म्हणतो, बायकांच्या हातात पाना दिला की हे असं होतं."

सासऱ्यांना हावभावावरून कळलं असावं. "लक्ष कुठे असतं तुझं?" ते सगळ्यांसमोर कडाडले. इतक्या वर्षांत ते असं कधी बोलले नव्हते. तिचे कान तापले, डोळ्यांत पाणी आलं. ते तिने येऊ दिलं, पण नजर खाली घेतली नाही.

"तुम्ही काढता का, बाबा?" ती त्यांच्याकडे तोंड करून म्हणाली. "माझी बोटं पोचत नाहीत."

सासरे क्षणभर तिच्याकडे बघतच राहिले. या गॅरेजात जिथे त्यांचा जाडजूड हात शिरत नसे, तिथे आजवर तिचाच गेला होता.

ते वाकले. दोन बोटं टर्बोच्या तोंडात घातली आणि थबकले. दांडा वर ढकलून पाहिला, खाली ढकलून पाहिला. जो हलता कामा नये तो हलत होता. बोटं बाहेर आली ती काळ्या तेलाने माखलेली, आणि त्या तेलात धातूचा बारीक कीस चमकत होता. सासऱ्यांनी बोटं अंगठ्यावर घासून बघितली, पुन्हा घासली. चेहऱ्याचा रंग उतरला होता. नट नव्हताच, हे त्यांना कळलं आहे, आणि बाकीचंही कळलं आहे, हे तिला दिसलं. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"सापडला का?" ड्रायव्हरने विचारलं.

सासरे वाकलेलेच होते. त्यांचा डावा हात पँटच्या खिशात गेला, ते फक्त तिला दिसलं. मग सरळ होऊन त्यांनी तळहात पुढे केला. तळहातावर एक नट होता. तिथल्या कुठल्याही क्लॅम्पला बसला नसता एवढा मोठा.

"हा घ्या," ते म्हणाले. "हिच्याकडून नाही पडला. मघाशी मी वाकलो होतो, तेव्हा माझ्याच खिशातून पडला असणार. पोरीला उगाच बोललो."

ड्रायव्हर काही म्हणणार, तोच ते पुढे बोलले, "पण बरं झालं हात घातला ते. दांडा हलतोय. ही गाडी घाटात जायची नाही."

"अहो, आत्ता तर ठणठणीत म्हणालात!"

"म्हणालो होतो. आता नाही म्हणतो. बहिणीला आणि मुलांना बसने पाठवा."

ड्रायव्हरने थोडा त्रागा केला, सासऱ्यांचा चेहरा पाहिला, आणि मागचं दार उघडलं. मुलं उड्या मारत उतरली. बहीण सामान काढत त्याच्यावरच करवादली की तेल बदल, तेल बदल म्हणून किती दिवस सांगत होते. पंक्चरवाल्याची हातोडी पुन्हा चालू झाली आणि थोड्या वेळाने जेवायच्या सुट्टीसाठी थांबली.

सासरे मागच्या मोरीपाशी पाठमोरे उभे राहून साबणाने बोटं चोळत होते. काळं निघत नव्हतं. नळ बंद होता, गॅरेजात कुठलाच आवाज नव्हता.

"बाबा," ती मागून म्हणाली, "नवा टर्बो मागवायचा, की आहे तोच उघडून बघायचा?"

ते बोटं चोळत राहिले.

ती वळसा घालून त्यांच्या समोर जाऊन उभी राहिली. त्यांनी मान वर करेपर्यंत थांबली, आणि तेच पुन्हा विचारलं, तेवढ्याच आवाजात.