टक् नंतरची जागा

गल्लीत त्यांना सगळे टेपवाले म्हणत. बंद पडलेले टेपरेकॉर्डर चालू करणं आणि बुरशी चढलेल्या कॅसेटींमधून गेलेल्या माणसांचे आवाज काढून देणं हा त्यांचा धंदा. माणूस कमालीचा नीटनेटका. स्क्रूड्रायव्हर उंचीप्रमाणे लावलेले, स्पिरिटच्या बाटलीवर ती उघडल्याची तारीख, वापरलेल्या कापसाच्या बोळ्यांनासुद्धा वेगळा डबा. "भाऊजींना शिंक आली तर आधी रुमालाची घडी नीट करतील, मग शिंकतील," असं त्यांची वहिनी म्हणायची. अशा माणसाच्या हातून आयुष्यात एकच मोठी चूक झाली, आणि तीही या नीटनेटकेपणापायीच.

चूक सांगायची तर आधी दादाचं सांगायला हवं. दादा म्हणजे टेपवाल्यांचा थोरला भाऊ. एका रॉक बँडमध्ये गिटार वाजवायचा आणि गायचा. एकतीस वर्षांपूर्वी त्या चौघांनी एका तळघरातल्या स्टुडिओत आठ गाण्यांचा अल्बम एका बैठकीत वाजवायला घेतला. चौथं गाणं संपलं. दादाने गिटार खाली ठेवली, माइकसमोर तो काहीतरी पुटपुटला आणि बाहेर पडला. तो परत आलाच नाही. उरलेल्या तिघांनी थोडी वाट पाहिली, मग आवाज नंतर भरून घेऊ म्हणत पुढची चार गाणी नुसतीच वाजवून ठेवली. नंतर ना दादा सापडला, ना अल्बम निघाला.

तो काय पुटपुटला ते कुणालाच ठाऊक नव्हतं. ड्रमवाल्याच्या कानात झांजा घुमत होत्या, बाकीचे दोघे तारा जुळवण्यात गुंग होते, आणि रेकॉर्डिस्ट मशीन चालू ठेवून हात धुवायला गेला होता. गल्लीला मात्र सगळं ठाऊक होतं. कुणी त्याला दुसऱ्या शहरात दुसरा संसार थाटून दिला, कुणी दोन मुलंही दिली. एका बाईने तर मुलांची शाळासुद्धा सांगितली. वहिनी सगळं ऐकून घ्यायची. तिच्या मनात वेगळंच काही सलत होतं. त्या दिवशी सकाळी दोघांचं कडाक्याचं भांडण झालं होतं आणि ती म्हणाली होती, "पुन्हा या दारात पाऊल ठेवू नकोस." तिला एवढंच जाणून घ्यायचं होतं, की त्याने ते मनावर घेतलं का.

आणि ते टेपवाल्यांनी पुसून टाकलं होतं.

झालं असं, की दुसऱ्या दिवशी रेकॉर्डिस्टने घरी एक कॅसेट आणून दिली. मूळ मोठी फीत त्याने लगेच दुसऱ्या कुणासाठी वापरून टाकली होती. दादा वर्षातून दोनदा रुसून गायब व्हायचाच, तेव्हा घरात अजून कुणी घाबरलेलं नव्हतं. ड्रमवाल्याला कॉपी हवी होती. टेपवाल्यांनी दोन डेक जोडले आणि ऐकायला लागले. चौथ्या आणि पाचव्या गाण्याच्या मध्ये तीनेक मिनिटांची खरखर, खुर्च्या, पुटपुट. हा कचरा कशाला, म्हणून त्यांनी चौथं गाणं विरताच पॉजचं बटण दाबलं आणि पाचव्याच्या सुरुवातीला ड्रमवाल्याच्या काठ्या वाजायच्या आत सोडलं. टक्. सुबक काम. आणि सुबक कॉपी तयार आहे म्हटल्यावर मूळ कॅसेटवर त्यांनी रेडिओवरची एक श्रुतिका भरून टाकली.

महिन्याभराने वहिनीने विचारलं, "त्या कॅसेटवर, जाताना तो काही बोललाय का हो?"

"ती जागा रेकॉर्डिस्टने दिलीच नाही," टेपवाले म्हणाले. एवढं मोठं खोटं ते पुन्हा कधी बोलले नाहीत. हेच एक रोज बोलत राहिले.

ड्रमवाल्याकडून ती कॉपी सुटली ती सुटलीच. कॉपीची कॉपी, तिची कॉपी. न निघालेल्या अल्बमचे शौकीन गावोगाव तयार झाले. टेपवाले त्यातली मिळेल ती कॅसेट मागवू लागले. हेड स्पिरिटने पुसायचं, सुटलेली फीत चिकटवायची, चेपलेलं फोमचं बारकं उशीसारखं पॅड बदलायचं, वेग जुळवायचा आणि मग थेट चौथ्या गाण्याच्या शेवटाला कान लावायचा. टक् आहे की नाही? एखादी तरी बिनटक्‌ची निघेल, रेकॉर्डिस्टने एखादी कॉपी आणखी कुणाला दिली असेल, एवढीच आशा. त्यासाठी एक जाड वही होती. अनुक्रमांक, कुणाकडून, मूळ कॉपीपासून कितवी पिढी, टक् आणि शेवटचा रकाना, टक् नंतरची जागा सेकंदांत. एकतीस वर्षांत शेहेचाळीस कॅसेटी झाल्या. चौथ्या रकान्यात शेहेचाळीस वेळा 'आहे'.

या वर्षी वहिनीच्या कानांनी हात टेकले. कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं, वर्षअखेरपर्यंत जे ऐकायचं ते ऐकून घ्या.

"भाऊजी," ती घरातच थाटलेल्या वर्कशॉपच्या दारात उभी राहून म्हणाली. बहिरं होत चाललेलं माणूस जरा मोठ्यानेच बोलतं. "तुमची ती जागा सापडायची असेल तर आता सापडू द्या. नंतर मला हातवारे करून दाखवणार आहात का?"

"बघतोय वहिनी."

"बघू नका. ऐका."

चार दिवसांनी दातांच्या डॉक्टरचं पार्सल आलं. हा गृहस्थ शौकिनांमधला सगळ्यांत चिकट. सोबत चिठ्ठी होती: 'मी लोकांचे दात काढतो, पण गाण्यातलं काही काढत नाही. जशी मिळाली तशी पाठवतो आहे. सहावी पिढी.'

सहावी पिढी म्हणजे आवाज घोंगडीतून आल्यासारखा. टेपवाल्यांनी चौथ्या गाण्याचा शेवट लावला. टक् होतंच. त्यांनी सवयीने पेन्सिल उचलली. आणि मग पाचवं गाणं सुरूच होईना. खोलीचा आवाज येत राहिला, रिकाम्या खोलीला असतो तसा. स्टॉपवॉचवर एकोणीस सेकंद झाले तेव्हा काठ्या वाजल्या.

त्यांनी पुन्हा लावलं. एकोणीस.

बटण दाबून जे घेतलंच नाही, ते कॉपीत येणार कुठून? टेपवाले वही मागे चाळत गेले. त्यांनी वही नेहमी अनुक्रमाने वाचली होती, पिढीप्रमाणे कधीच लावली नव्हती. दुसरी पिढी, दोन सेकंद. तिसरी, तीन. चौथीच्या नऊ कॅसेटी, सगळ्या पाच-पाच. पाचवीच्या, अकरा. 'मशीन मंद असावं' असा शेरा त्यांच्याच सुबक अक्षरात. आणि सहावी, एकोणीस. गाणी दर पिढीला विझत चालली होती, आणि ती जागा दर पिढीला वाढत होती.

भर दुपार होती. रस्त्यावर कुणीतरी सायकलची चेन बसवत होतं. टेपवाल्यांनी मात्र उठून दिवा लावला.

दुसरा कुणी असता तर कॅसेट परत पाठवून मोकळा झाला असता. टेपवाल्यांनी कोरी कॅसेट फोडली, दोन डेक जोडले आणि सातवी पिढी काढली.

सदतीस सेकंद. खुर्ची सरकल्याचा आवाज.

आठवी. एक मिनिट दहा. कुणीतरी माइकजवळ श्वास घेतो. गाणी आता पलीकडच्या बिऱ्हाडात चालल्यासारखी.

नवव्या पिढीत गाणी संपली. सगळी बाजू नुसती खरखर. फक्त टक्, आणि टक् नंतर, काच पुसल्यासारखा स्वच्छ, दादाचा आवाज: "घरी जाऊन येतो. सकाळी उगाच ओरडलो तिच्यावर. मशीन बंद करू नका, आलोच." मग पावलं, मग जड दार.

टेपवाल्यांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवले, मग उचलून हुकाला लावले, मग पुन्हा टेबलावर ठेवले. एकतीस वर्षं जे शोधलं ते समोर होतं. आणि ते वहिनीला ऐकवायचं तर टक् सुद्धा ऐकवावं लागणार होतं. तिने विचारलंच, की ही कॅसेट आली कुठून, तर काय सांगायचं? क्षणभर त्यांच्या मनात आलं, की टक् कापून द्यावं. कात्री हाताशीच होती. मग त्यांना स्वतःचीच किळस आली. त्यांनी कात्री ड्रॉवरमध्ये टाकली आणि हाक मारली. तिसऱ्यांदा ओरडल्यावर वहिनी आली.

तिला खुर्चीत बसवून त्यांनी आवाज पूर्ण वाढवून हेडफोन दिले. तिने कानातलं यंत्र काढून पदराला पुसलं, टेबलावर ठेवलं आणि ऐकलं. "पुन्हा," ती म्हणाली. मग आणखी एकदा, "पुन्हा."

"वहिनी, ती जागा रेकॉर्डिस्टने नाही, मी..."

"मोठ्याने बोला."

"मी कापली होती!" टेपवाले ओरडले. रस्त्यावरचा सायकलवाला वर बघायला लागला. "बटण मी दाबलं! मूळ कॅसेट मीच पुसली!"

"माहीत आहे," वहिनी म्हणाली. "मी तेव्हा स्वयंपाकघरात होते. आधी सगळं ऐकू आलं, पुन्हा लावलंत तेव्हा टक् झालं. मला तेव्हा कान होते, भाऊजी."

"मग एकतीस वर्षं बोलला का नाहीत?" टेपवाल्यांचा आवाज चढलेलाच होता.

"बोलले असते तर तुम्ही रडून मोकळे झाला असतात. आणि मोकळा झालेला माणूस कॅसेटी गोळा करत बसतो होय?" तिने हेडफोन नीट बसवले. "भिंतीआडून शब्द कळले नव्हते. ते आता कळले. पुढे काय आहे?"

"पुढे काही नाही. दार लागतं आणि मग..."

"दर वेळी वाढतंय ना? तुमची वही उघडीच असते. मला वाचता येतं." तिने कोरी कॅसेट पुढे सरकवली. "दहावी काढा."

टेपवाल्यांना ते नको होतं. दादा स्टुडिओच्या दारातून बाहेर पडला, त्यापुढे माइकला ऐकू येण्यासारखं काही नव्हतं. असूच शकत नव्हतं. तरी त्यांनी ती कॅसेट घातली. कॉपी होतानाच नव्या कॅसेटवर काय उमटतंय ते ऐकता यावं म्हणून एक हेडफोन तिला दिला, एक आपल्याला लावला, आणि दोन्ही डेक सोडले.

खरखर. टक्. दादाचं बोलणं. पावलं. दार. इथे जागा संपायला हवी होती. पण डेकवरच्या आवाजाच्या मीटरचा काटा खाली बसला नाही. पावलं चालतच राहिली, रस्त्यावरची, घाईची. माइक कुठेतरी त्या माणसाच्या खिशात असावा इतकी जवळ. पाच मिनिटं, सात, नऊ. मग जिना लागला. टेपवाले पायऱ्या मोजायला लागले, कारण मोजल्याशिवाय त्यांना राहवत नसे. अकराव्या पायरीवर फळी खडखडली.

त्यांच्याच घराच्या जिन्यात अकरावी फळी सुटली होती. दादा नेहमी म्हणायचा, बसवतो एकदा.

"ही आपली पायरी," वहिनी म्हणाली. अगदी हळू म्हणाली, कान चांगले असलेल्या माणसासारखी.

बाविसावी पायरी. पावलं थांबली. कॅसेटवर कुणीतरी दाराबाहेर उभं राहून श्वास घेत होतं. आत यावं की नाही, अशा विचारात असलेला माणूस घेतो तसा. टेपवाल्यांचा अंगठा आपोआप पॉजच्या बटणावर गेला. शांतता सुरू झाली की तो जातोच, एकतीस वर्षांची खोड. तेवढ्यात वहिनीने त्यांचं मनगट धरलं. तिचा हात गार होता आणि पकड घट्ट.

"या वेळी नाही," ती म्हणाली.

अंगठा बाजूला झाला.

मग वहिनीने हेडफोन काढले. कानातलं यंत्र टेबलावरच होतं, ते तिने लावलंही नाही. तिने मान वळवून घराच्या दाराकडे बघितलं, कुणी हाक मारल्यावर बघतात तशी. टेपवाल्यांनीही हेडफोन काढले. त्यांचे कान शाबूत होते, डॉक्टरांनी कौतुक केलेले. त्यांना काहीच ऐकू आलं नाही. सायकलवाला केव्हाच गेला होता.

"आले रे, आले," वहिनी पुटपुटली, आणि साडी सारखी करत उठली. मग दाराकडे न जाता क्षणभर थांबली. "भाऊजी, सकाळी मी त्याला काय म्हणाले होते, माहीत आहे ना?"

टेपवाल्यांनी मान हलवली.

"मग मीच उघडायला हवं."

ती पॅसेजमधून गेली. कडी सरकल्याचा आवाज झाला. टेपवाले खुर्चीतून हलले नाहीत. त्यांची नजर मीटरवर होती. काटा उडाला, दोनदा, कुणी दोन शब्द बोलावेत तसा. मग उत्तर दिल्यासारखा आणखी एकदा. हेडफोन टेबलावर पालथे पडले होते. ते उचलून लावावेत असं त्यांच्या फार मनात आलं, पण ते बोलणं त्यांच्यासाठी नव्हतं. त्यातलं जेवढं त्यांनी एकदा काढून घेतलं होतं, तेवढं पुरे होतं.

त्यांनी वही पुढे ओढली. अनुक्रमांक लिहिला. कुणाकडून, या रकान्यात 'घरूनच'. पिढी, दहावी. टक्, आहे.

शेवटच्या रकान्यावर पेन्सिल बराच वेळ टेकून राहिली. डेकवरचा आकडा पुढे जात होता. घराचं दार उघडं राहिल्यामुळे वर्कशॉपमध्ये जिन्यातला गार वारा येत होता. मग त्यांनी सेकंदांच्या जागी, नेहमीच्याच सुबक अक्षरात, लिहिलं: 'चालू आहे.'